कोण्या बुढ्याची घडी

आमच्या घरात भर दुपारी अंधार करावा लागायचा. गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या त्या दोन खोल्यांना पत्र्याचं छप्पर होतं आणि पत्र्याला इतकी भोकं होती, की ऊन जमिनीवर सांडल्यासारखं पडायचं. घड्याळाच्या आकड्यांवर रेडियम नीट भरला गेला का ते पाहायचं तर काळोख हवा. मग मी आणि बाबा गोधडीखाली डोकं घालून बसायचो. आधी घामाचा, बाबांच्या तंबाखूचा आणि गोधडीच्या जुन्या लुगड्यांचा वास यायचा. मग डोळे सरावले, की समोर बारा हिरवे ठिपके हळूहळू वर यायचे. बाहेरून माय म्हणायची, "झाला का तुमचा शिनेमा? भात थंडा होऊन राह्यला." आम्ही तसेच बसून असायचो. बाबा एकेका ठिपक्यावर बोट ठेवून सांगायचे, "सातवा फिका आहे. आठवा बाहेर सांडला. पुन्हा कर."

माय दाराशी बसून विड्या वळायची. तिच्या कात्रीचा कच्‌कच् आवाज, तेंदूपत्ता भिजवल्याचा हिरवट वास, आणि पलीकडच्या राइस मिलची दिवसभर चालणारी घरघर यांच्यात मी वाढले. त्या सगळ्याच्या खाली बाबांच्या घड्याळांची टिकटिक असायची. बाजारात त्यांचं टेबल होतं, एका कापडाच्या दुकानाच्या पायरीला लागून. पण बारीक काम ते घरी आणत. पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांचे दिवस आले, की माय मीठ घालून त्या उकडायची. मग आमच्या तिघांचीही कामं बंद पडायची, कारण ओल्या हातानं विडीही वळता येत नाही आणि डायललाही हात लावता येत नाही. त्या शेंगा खाताना बाबा जितके बोलत, तितके इतर वेळी कधीच बोलत नसत.

अंधारात चमकणाऱ्या त्या रंगाला आमच्याकडे सगळेच रेडियम म्हणत, अजूनही म्हणतात. खरा रेडियम वेगळा. फार जुन्या, परदेशी घड्याळांत तो असायचा. तसं घड्याळ आलं, की बाबा मला लांब बसवत. खऱ्या रेडियमच्या काट्याखाली डायल वर्षानुवर्षं भाजत राहतो आणि तिथं करपल्यासारखा डाग पडतो, तो त्यांनी मला दाखवला होता. "हे खरवडाचं नाई. याची धूळ नाकात गेली त आयुष्यभर निघत नाई. अन् ब्रशले टोक काढाले तोंडात कधी घालाचा नाई. रंग कोनताही असो." त्यांना ज्यांनी काम शिकवलं, त्यांनी पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं म्हणे. आम्ही वापरत होतो ती साधी, उजेड पिऊन उजेड देणारी पावडर होती. लाखेच्या पातळ वॉर्निशमध्ये ती कालवायची आणि तीन केसांच्या ब्रशनं तो रंग आकड्यांवर ठेवायचा. "लावाचा नाई, ठेवाचा," असं बाबा म्हणत.

मी बी.ए. झाले तेव्हा बाबांचा उजवा हात थरथरायला लागला होता. घड्याळ उघडणं, तेल देणं त्यांना जमायचं, पण रेडियम ठेवताना ब्रश भलतीकडे जायचा. ते कबूल करत नव्हते. एके दिवशी त्यांनी एक डायल चार वेळा पुसलेला मी पाहिला. पाचव्यांदा मी त्यांच्या हातातून ब्रश घेतला. ते उठून बाहेर गेले आणि मायच्या शेजारी बसून पत्ता कापायला लागले. त्या दिवसापासून डायलचं काम माझं झालं. मुलीनं घड्याळाच्या कामाला बसावं, हे नातेवाइकांना पटत नव्हतं. मला पाहायला आलेल्या एका मुलाच्या मामानं तर विचारलंही, "पोरगीच्या डोळ्याले नंबर तं नाई ना?" नंबर नव्हता. आता आहे, दोन्ही डोळ्यांना.

मुंबईचे एक शेठ त्याच सुमारास आमच्याकडे येऊ लागले. रायपूरला जाता-येता गोंदियाला उतरायचे आणि गावोगावची बंद पडलेली चावीची घड्याळं टोपलीनं विकत घ्यायचे. माझं काम पाहून त्यांनी एक डबा उघडला. आत सडलेले, गंजलेले डायल होते. "बेटा, इनको नया बनाना है, लेकिन नया दिखना नहीं चाहिए." मला कळेना. त्यांनी समजावलं. बाहेरदेशी लोकांना जुनी घड्याळं हवी असतात आणि त्यांवर वय दिसलं पाहिजे. पण सडलेलं कोणी घेत नाही. "पुराना दिखना चाहिए, खराब नहीं. समझी?"

मी समजले, आणि इतकं चांगलं समजले, की आज ते आठवून थोडा अभिमान आणि थोडी लाज, दोन्ही वाटतात. नव्यानं रंगवलेला पांढरा डायल मी उकळलेल्या चहाच्या वाफेवर धरत असे. एकदा मायची विडी पेटवून स्टीलच्या पेल्याखाली ठेवली आणि त्या धुरात डायल ठेवून दिला. अर्ध्या तासानं काढला तर साय जमलेल्या दुधासारखा रंग आला होता. तसला रंग चहानं कधी आला नव्हता. रेडियमचं गणित मात्र उलटं होतं. जुना रेडियम चमकत नाही. वीस-तीस वर्षांनी तो विझतो आणि भाजलेल्या बेसनासारखा पिवळा-तपकिरी होतो. म्हणून शेठच्या कामात मी चमकणारी पावडर घालतच नव्हते. लाखेत थोडी गेरू, थोडी काजळी, थोडी खडूची भुकटी घालून मेलेला रेडियम बनवायचे. मग सुईच्या टोकानं एखाद्या आकड्याचा कण उडवायचा, म्हणजे काळाने उडवल्यासारखा दिसे. शेठ भिंगातून पाहायचे आणि मान हलवायचे. "तेरे हाथ में तो पचास साल हैं."

बाबा ते डबे पाहत आणि आपल्या कामाला लागत. एकदा शेंगा खाताना मात्र म्हणाले, "मी जनमभर बुढ्याले जवान केलं. तू जवानाले बुढा करून राह्यली."

"लोकाले आवडते बाबा."

"लोकाले आवडते ते ठीक. पन त्याले सांगते का शेठ, का हे काल रंगवलं म्हनून?"

मला उत्तर माहीत होतं. मी शेंग सोलत राहिले.

परवा भाचीनं मोबाइलवर एक नवंकोरं घड्याळ दाखवलं. त्याच्या आकड्यांवर बिस्किटाच्या रंगाचा रेडियम होता. आता कंपन्याच मुद्दाम तसा रंग भरतात आणि उघड सांगून विकतात. मी भिंग लावून पाहिलं. काम सफाईदार होतं, पण सगळे बारा आकडे सारखेच म्हातारे झाले होते. खरं वय असं एकसारखं येत नसतं.

मी शेठचं काम करत होते त्या वर्षी धानाचा रोवणा, म्हणजे भातलावणी, संपत आला होता तेव्हा सौंदडहून एक बाई आमचं घर विचारत आली. तिशीच्या आत-बाहेरची असावी. पायांच्या नखांत अजून बांधीचा, म्हणजे भातखाचराचा, चिखल होता. तिचं नाव लता. बाजारातल्या टेबलाशी बाबा भेटले नाहीत, म्हणून ती थेट कुडव्याला आली होती. मायनं तिला पाणी दिलं. ते हातात धरूनच ती बोलायला लागली.

"तुमच्याकडं जुन्यासारखी घडी बनवते म्हनते. आमच्या मामाजीची घडी हरपली. रोवन्यात चिखलात गेली का आनखी कुठं, सापडूनच नाई राह्यली."

मामाजी म्हणजे तिचे सासरे, कवडूजी. रेल्वेत चाबीवाला म्हणून त्यांची नोकरी झाली होती. रोज पहाटे रुळांवरून मैलच्या मैल चालायचं, रूळ घट्ट धरणाऱ्या, पण ढिल्या झालेल्या चाव्या हातोड्यानं ठोकून बसवायच्या, आणि गाडीच्या वेळेआधी बाजूला व्हायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आता त्यांना विसर पडायला लागला होता.

"जेवले का नाई ते याद राह्यत नाई. माजं नाव याद राह्यत नाई. पन घडी याद हाये. म्हनते, लायनीवर पडली. दिवसातून तीनदा लायनीवर जाऊन राह्यले. परवा मालगाडी भोंगा वाजवत आली, हे खाली वाकून गिट्टीत घडी पाहून राह्यले. गेटवाल्यानं धावत जाऊन ओढलं." तिनं पाणी न पिताच पेला खाली ठेवला. "माजा मालक नागपुरात कामाले हाये. घरी मी, सासू अन् दोन लेकरं. मी किती मागं धावू? बांधीत उतरू का लायनीवर जाऊ?"

बाबा म्हणाले, "बाई, खोटी घडी देऊन बिमार मानसाले फसवाचं, हे मले जमत नाई."

ती जराही चिडली नाही. "बापू, त्याहिले फसवाची मले हौस नाई. मले त्याहिले घरी ठेवाचं हाये."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उठून ते पलंगाखालचा मोडीच्या घड्याळांचा डबा घेऊन आले.

लतानं निवृत्तीच्या दिवशीचा फोटो आणला होता. गळ्यात हार, हात छातीशी, आणि मनगटावर ते घड्याळ. भिंगाखाली आकड्यांची ठेवण कळत होती. बाकीचं तिच्या डोक्यात होतं. रोज सकाळी त्यांच्या हाताला पट्टा तीच बांधायची. काच कुठं घासली होती, चारच्या आकड्याजवळ चहासारखा डाग कसा होता, हे तिनं सांगितलं, आणि आकड्यांवरचा रंग कसा होता, हे अंगणातला फणसाच्या वाळलेल्या पानाचा तुकडा उचलून दाखवलं, "असा." बाबांनी मोडीतून त्याच बनावटीचं घड्याळ शोधलं आणि थरथरत्या हातानं चालू केलं. डायल मी केला. सहा दिवस लागले. शेठच्या कामात इतका जीव मी कधी ओतला नव्हता. विडीचा धूर दिला, डाग चारच्या बरोबर खाली बसवला, काच राखेनं घासली. आकड्यांवर पानाच्या रंगाचा मेलेला रेडियम ठेवला. फोटोशेजारी घड्याळ धरून मायला दाखवलं. ती म्हणाली, "बाप्पा! त्याचंच आहे वो हे."

घड्याळ घेऊन मी स्वतःच सौंदडला गेले. बाबा नको म्हणत होते, पण मला कवडूजींचा चेहरा पाहायचा होता. खरं सांगायचं तर माझं काम ओळखू येतं का, ते पाहायचं होतं. गाडीतून उतरले तेव्हा लता स्टेशनवर आली होती. घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर होतं. कवडूजी ओसरीवर बसले होते, उंच, हडकुळे, खाकी शर्टाची सगळी बटणं लावलेली. त्यांची बायको भागरता सुपात तांदूळ निवडत होती.

"मामाजी, घडी सापडली," लता म्हणाली.

त्यांनी घड्याळ हातात घेतलं. उलटं करून पाहिलं, कानाला लावलं. चारच्या जवळच्या डागाकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. मग त्यांनी एक गोष्ट केली, जी आमच्या कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. घड्याळावर दोन्ही तळव्यांची ओंजळ उपडी केली, अंगठ्यांमधून डोळा लावला आणि आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे माजी नोहे."

"काऊन मामाजी? पाहा ना, हा डाग..."

"डाग कायचा? माज्या घडीत उजेड हाये. ह्यात नाई." त्यांनी घड्याळ लताच्या हातात दिलं, दुसऱ्याची वस्तू परत करावी तसं जपून. "हे कोन्या बुढ्याची घडी हाये. ज्याची असन त्याले दे."

मला आधी काही समजलंच नाही. मग लक्षात आलं. मी साठी-सत्तरीतल्या माणसासाठी घड्याळ केलं होतं. तो माणूस मनानं पस्तिशीत बसला होता. त्यांच्या मनगटावरच्या आकड्यांतला उजेड अजून विझलाच नव्हता.

ते उठले. "ड्युटीचा टाइम झाला," म्हणाले आणि चालायला लागले. लता मागे धावली, मी तिच्या मागे. बांधीच्या धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून, त्यांची पावलं आमच्यापेक्षा पक्की पडत होती. रुळांवर चढून ते वाकले आणि गिट्टीचे दगड एकेक बाजूला करायला लागले. दुपारचं ऊन रुळांवर तापलं होतं. लता "मामाजी, चला ना घरी," म्हणत त्यांचा हात ओढत होती आणि ते तितक्याच शांतपणे हात सोडवत होते. मी स्लीपरवर त्यांच्यासमोर बसले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"काका, उजेड कसा होता तुमच्या घडीत?"

त्यांनी वर पाहिलं. "हिरवा. थंडीच्या दिवसात पहाटे लायनीवर धुकं राह्यते. सिग्नल नाई दिसे, सोताचा हात नाई दिसे. घडी तेवढी दिसे. गाडीले किती टाइम हाये ते घडीनंच समजे. माजा एक जोडीदार..." पुढचं त्यांना आठवलं नाही, किंवा सांगायचं नसेल.

तेवढ्यात रूळ वाजायला लागले. मला ऐकू आलं नव्हतं, त्यांना आलं. माझा दंड धरून त्यांनी मला असं ओढलं, की मी गिट्टीवरून घसरत खाली आले. लतालाही दुसऱ्या हातानं मागे लोटलं. "बाजूले व्हा! लायनीवर बसते का कोनी?" ते आमच्या पुढे ताठ उभे राहिले आणि हातात झेंडी असल्यासारखा हात धरला. मालगाडी वाऱ्याचा झोत मारत गेली. डबे संपेपर्यंत तो हात खाली आला नाही.

धूळ बसल्यावर माझ्या तोंडून आपोआप निघालं, "काका, मी गोंदियाच्या घडीवाल्याची पोरगी. तुमची घडी लायनीवर नाई पडली. आमच्याकडं हाये. उजेड कमी झाला होता, रेडियम भराले दिली होती."

त्यांनी मला निरखलं. "पावती?"

लताकडे मुलाच्या वहीचं पानही नव्हतं. घरी आल्यावर मिळालं. मी लिहिलं, 'एक हातघडी, रेडियम भरण्यासाठी जमा. आठ दिवसांनी परत,' आणि खाली सही केली. त्यांनी ते वाचलं, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवून वरचं बटण लावलं. मग ओसरीवर बसले. भागरतानं निवडलेल्या तांदळाचा भात झाला होता. अंबाडीच्या भाजीशी मी तो पोटभर खाल्ला.

लताकडचं घड्याळ परत घेऊन मी घरी आले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं बाबा म्हणतील, मी सांगितलं नव्हतं? ते म्हणाले, "डायल पुसून काढ. पांढरा पाहिजे, दुधासारखा. काच नवी टाकू." आम्ही दोघं मिळून ते घड्याळ पहिल्या दिवसाचं केलं. डाग नाही, धूर नाही. शेठनं एका दुसऱ्या कामासाठी दिलेली नवी पावडर माझ्याकडे थोडी होती. साध्या रेडियमपेक्षा कितीतरी पट चमकणारी. ती शेठची होती हे मला माहीत होतं. तरी वापरली. आठव्या आकड्याच्या बाहेर थोडी सांडली तर बाबांनी पुन्हा करायला लावलं.

आठ दिवसांनी मी सौंदडला गेले. तोवर कवडूजी लायनीवर गेले नव्हते. लता सांगत होती, सकाळ-दुपार खिशातली पावती काढायचे, वाचायचे, पुन्हा ठेवायचे. मी घड्याळ पुढे केलं, तर त्यांनी आधी पावती माझ्या हातात दिली. मगच घड्याळ घेतलं. ओंजळ उपडी केली, अंगठ्यांतून आत पाहिलं.

"लई भरला," ते म्हणाले. तक्रार केल्यासारखं. पण ओंजळ काही डोळ्यापासून हटवेनात. मग लताला म्हणाले, "ये वो, पाह्य." ती वाकली आणि त्यांच्या हातांत डोळा घातला. तिथंच ती रडायला लागली. ते म्हणाले, "उजेड पाहून रडते का कोनी?"

पुढं ते कधीच लायनीवर गेले नाहीत असं लिहिलं तर खोटं होईल. दोनदा गेले. पण वाकून शोधायला नाही, नुसते धुऱ्यावर उभं राहून गाडीची वेळ पाहायला. बाकी दिवस ओसरीवर असायचे. ओंजळीत पाहायचे आणि कोणी आलं तर त्याला दाखवायचे.

शेठ पुढच्या खेपेला आले तेव्हा हातातलं काम मी पूर्ण करून दिलं, कारण ते कबूल केलं होतं. नवी पावडर कुठं गेली तेही सांगितलं. ते हसले आणि पुढचा डबा उघडायला लागले. मी म्हटलं, मी करीन, पण डायलच्या मागे 'नवा रंग, गोंदिया' असं लिहीन. त्यांनी मला समजावलं, बाबांना समजावलं, मग डबा मिटला. "हाथ अच्छा है, पर दिमाग बाप का है," म्हणाले. बाबांना ते बोलणं इतकं आवडलं, की शेंगांच्या दिवसांत पाहुण्यांना ते हमखास सांगायचे. काम कमी झालं. माझं लग्नही त्याच्या पुढच्या वर्षी झालं, बालाघाटला. ब्रश मी सोबत नेले. नवऱ्यानं पहिल्याच आठवड्यात मला खिडकीजवळ एक टेबल करून दिलं. तो माणूस कसा होता हे तेवढ्यावरून समजावं.

लग्नाच्या थोडे दिवस आधी लता पुन्हा आली, या वेळी भागरताला घेऊन. कवडूजी जाऊन महिना झाला होता. घरीच गेले, अंथरुणात, सकाळी. भागरतानं लुगड्याच्या पदराखालून हात बाहेर काढला. बारीक, काळ्या मनगटावर ते घड्याळ बांधलेलं होतं, पट्ट्याला जास्तीचं भोक पाडून. आत पाण्याची वाफ धरली होती आणि चार-पाच आकडे मंदावले होते. काटे साडेसातावर थांबले होते.

मी घड्याळ सोडवून घेतलं आणि म्हटलं, "आजी, मशीनमध्ये पानी गेलं. आधी चालू करून देतो. टाइम दाखवाले पाहिजे ना."

"टाइम मले कुठं समजते," ती म्हणाली. "चालाचं राहू दे, माय. तू उजेड भर."